हात स्वच्छ असतानाची सही

…नाही नाही, काल तुम्ही म्हणालात तसं नाही. पाण्याला भिऊन मिस्त्री बाहेर आला, हे साफ चूक. भ्यायला पाणी तरी हवं की हो! छातीएवढं पाणी, त्यात दंडाला फुगे बांधलेली सात-आठ वर्षांची दहा-बारा कार्टी, आणि काठावर गळ्यात शिट्टी अडकवलेली एक पोरगी. वय असेल बाविशीचं, पण आवाज असा, की रस्त्यानं जाणाऱ्या माणसानंही पोट आत ओढून घ्यावं.

"काका, पाठीवर झोपा! पोट वर! पोट वर म्हणतेय मी, मान नाही!"

मिस्त्रीचं वय सेहेचाळीस. बायको सोडली तर पोटावरून त्याला असं तोंडावर कुणी बोललेलं नव्हतं. कार्टी फिदीफिदी हसली. त्यातल्या एकीनं त्याला धीरही दिला, "काका, रडू आलं तर रडा. आम्ही पण पहिल्या दिवशी रडलो होतो." मिस्त्रीला हसू आलं. सांगितलं तसा तो पाठीवर झोपला. पाय वर आले, पोट तर सगळ्यात आधी वर आलं. अगदी झकास तरंगला, बरं का. मग त्यानं डोकं मागे टेकलं आणि दोन्ही कान पाण्याखाली गेले.

तिथंच घोटाळा झाला.

कान पाण्याखाली गेले की कार्टी गप्प, शिट्टी गप्प, सगळं जग गप्प. आणि मिस्त्रीचे कान म्हणजे साधे कान नव्हेत. लिफ्टदुरुस्तीत बावीस वर्षं काढलेले कान ते. तळमजल्यावर उभा राहून नवव्या मजल्यावरचा कुठला रोलर झिजलाय ते सांगायचा. अशा कानांना एकदम रिकामं सोडलं, तर ते काहीतरी शोधणारच. त्यांना सापडलं ते हे: आधी मोटारीची घरघर, मग ब्रेक सुटल्याचा 'खट्ट', आणि त्यामागून माणसाची एक हाक. हाकसुद्धा पुरी नाही, अर्धीच.

मिस्त्री धडपडून उभा राहिला. नाकातोंडात पाणी गेलेलं. ठसकत, खोकत शिडीला लागला.

"काका, अहो दहाच मिनिटं झालीत!"

"बास आजच्याला," म्हणाला आणि त्यानं पाय काढता घेतला. घरी आला, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड लटकत होतं त्यावर 'गुरुवार, पोहणं, चाळीस मिनिटं' असं लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली.

आता हे कार्ड कसलं, आणि ती अर्धी हाक कुणाची, हे सांगायचं तर चार वर्षं मागं जायला हवं.

मिस्त्रीचा एक जोडीदार होता. लिफ्टच्या कामात माणसं जोडीनंच फिरतात, एक वर मोटारीपाशी, एक खाली दारापाशी. या जोडीदाराला सगळे हरण्या म्हणायचे. माणूस जिना चढायचा तो दोन-दोन पायऱ्या टाकत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला लिफ्ट बंदच मिळते, त्यामुळे नऊ मजले, बारा मजले पायीच. बाकीचे मधे दोनदा टेकायचे, हा वर पोचून शीळ घालत बसलेला. सकाळी कामाआधी दोन तास पळायचा. बेचाळीस किलोमीटरच्या मॅरेथॉनची तयारी चालली होती, वहीत रोजची नोंद, तक्ते, रंगीत रेघा. मिस्त्री त्याला म्हणायचा, "अरे, इतकं पळून जायचं कुठं असतं तुला?" हरण्या म्हणायचा, "परत यायचं असतं रे. परत येण्यात मजा आहे."

त्या दिवशी एका नऊ मजली कचेरीची लिफ्ट होती. मिस्त्री वर मशीनरूममध्ये, हरण्या तिसऱ्या मजल्यावर दाराच्या कामाला. लिफ्टचं असं असतं, की एखादं जरी दार उघडं राहिलं तरी तिची वीज तुटते आणि ती जागची हलत नाही. पण दुरुस्तीच्या वेळी ही राखण जरा बाजूला ठेवावी लागते. मग मिस्त्री लोक वीतभर वायरचा तुकडा दोन टोकांना अडकवतात. लिफ्टला वाटतं, दारं सगळी बंद आहेत, चला. या तुकड्याला ते जंपर म्हणतात. काम झालं, की जंपर काढायचा, खिशात टाकायचा, आणि मशीनरूममधल्या खिळ्याला कार्ड असतं त्यावर वेळ घालून लिहायचं: वायर काढली. खाली सही.

पण कामाच्या शेवटी हात कसे असतात? कोपरापर्यंत ग्रीस. कार्डाला नुसता हात लावला तरी पाच बोटं उमटतात. वरच्या साहेबाला काळी कार्डं खपत नसत. "हे कार्ड आहे की भांडी घासायची चिंधी?" म्हणून भिरकावून द्यायचा. तेव्हा मिस्त्रीनं आपली एक रीत बसवली होती. वर गेल्या गेल्या, हात स्वच्छ असतानाच, वेळ अर्धा तास पुढची घालून कार्ड भरून मोकळं व्हायचं. मग खुशाल कामाला लागायचं. त्याची कार्डं लख्ख. साहेब नव्या लोकांना दाखवायचा, "याला म्हणतात टापटीप."

त्या दिवशीही तसंच. कार्ड भरलं, दहा चाळीसची वेळ घातली, जंपर लावला, काम झालं. तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, "मिस्त्री, चहा आलाय, गार होतोय!" मिस्त्री हात पुसत जिन्यानं खाली गेला. जंपर तिथंच राहिला. मागोमाग हरण्या आपला विसरलेला टॉर्च घ्यायला वर धावत गेला, टॉर्च घेतला, धावत तिसऱ्या मजल्यावर परतला. एक पाय लिफ्टमध्ये, एक पाय बाहेर, असा उभा राहून दाराची पट्टी बघत होता. आठव्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं. दार उघडं असताना लिफ्ट वर निघाली.

हरण्यानं हाक मारली, ती अर्धीच राहिली. पुढचं जास्त सांगत नाही. डावं पाऊल गेलं.

मिस्त्री चहाचा कप टाकून धावला. रक्त थांबवायला काहीतरी आवळून बांधायला हवं होतं. सवयीनं हात उजव्या खिशात गेला, जिथं वायर असायची तिथं. खिसा रिकामा. मग त्यानं कमरेचा पट्टा काढला आणि मांडीला आवळला. पट्टा आवळत असतानाच त्याला सगळं कळलं होतं.

चौकशी झाली. कार्ड पाहिलं. दहा चाळीसला मिस्त्रीनं वायर काढली, सही आहे. त्यानंतर हरण्या वर गेला होता. हरण्याच्या पिशवीत असले चार-पाच तुकडे कायम पडलेले, त्यांची मोजदाद कोण ठेवतो? इस्पितळातल्या खाटेवरून हरण्या स्वतःच म्हणाला, "माझ्याच हातून राहिली असेल. आठवत काही नाही, पण हाताला सवय असते ना. लावली असेन." मिस्त्री खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं तोंड उघडलं, नाही असं नाही. पण तेवढ्यात नर्स ताप बघायला आली, "बाहेर व्हा, बाहेर व्हा" म्हणाली, आणि मिस्त्री बाहेर झाला. ते तोंड मग त्या बाबतीत परत उघडलंच नाही.

हरण्याला नकली पाऊल बसलं आणि टेबलाचं काम मिळालं. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की फोन त्याच्याकडे येतो. आणि गडी काय धीर देतो म्हणता! "ताई, दार बडवू नका, दाराचा काही गुन्हा नाही. आत आरसा आहे ना? केस विंचरा तोवर, माणूस निघालाय." माणसं हसतच सुटतात बाहेर. पण नवा मेकॅनिक कामाला लागला की हरण्या त्याला समोर बसवतो, नकली पावलावर पेनानं टकटक करतो आणि म्हणतो, "हे बघ. हे माझ्या विसरभोळेपणाचं बक्षीस. तू तरी लक्षात ठेव." मिस्त्री तिथंच बाकावर बसलेला असतो. दर वेळी. चेहरा कोरा ठेवून ती टकटक ऐकतो.

आणि एक झालं. त्या दिवसापासून मिस्त्री कामावर सही शेवटी करायला लागला. तीनदा वायर बघायची, मग त्याच काळ्या हातानं सही. कार्डावर अंगठे, बोटं, सगळं उमटायचं. साहेब ओरडून ओरडून थकला.

आता मॅरेथॉनचं. गेल्या वर्षी कचेरीच्या फळ्यावर शर्यतीचा कागद लागला. सगळे वाचून पुढं जात होते. मिस्त्री म्हणाला, "मी पळतो." कचेरीत हशा पिकला. कुणी म्हणालं, लिफ्ट आधी की तू आधी. कुणी म्हणालं, पोट आधी पोचेल, तू मागून ये. हरण्या मात्र हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो आपली जुनी वही घेऊन मिस्त्रीच्या घरी आला. चार वर्षं कपाटात पडलेली वही.

"हे बघ," हरण्या म्हणाला, "लोक काय चूक करतात, पळायचंय म्हणून नुसतं पळतात. रोज पळतात. महिन्याभरात पाय जातात. तुला लिफ्टच्या भाषेत सांगतो. लिफ्ट नुसत्या मोटारीवर वर जाते का?"

"नाही. पलीकडं वजन असतं तोलाला."

"ते काढून टाकलं तर?"

"मोटार जळेल. आठवड्यात."

"मग? पळणं ही तुझी मोटार. पलीकडं वजन हवं. सायकल, पोहणं, जिने, वजनं उचलणं. याला क्रॉस ट्रेनिंग म्हणतात. पाय त्याच त्या कामानं झिजू द्यायचे नाहीत, पण छातीला झोपू द्यायचं नाही. सोमवार, बुधवार, रविवार पळायचं. मंगळवारी सायकल, गुरुवारी पोहणं, शनिवारी जिने आणि वजनं."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी काही नाही. काही नाही म्हणजे काही नाही. दूध आणायचं असेल तर वहिनी आणतील."

मिस्त्रीची बायको तिथंच होती. ती म्हणाली, "भावजी, हा शुक्रवार यांनी वीस वर्षं रोज पाळलाय. हा तेवढा चुकायचा नाही."

पण नेमका तोच चुकला.

हरण्यानं कंपनीचीच कोरी कार्डं आणून दिली, आठवड्याला एक, वार आखलेले, सहीला जागा. "रोज झालं की भर. सोमवारी मला आणून दे, मी वहीत उतरवतो." मिस्त्रीनं खिळा ठोकला आणि कार्ड टांगलं. पहिला गुरुवार कसा गेला ते तर सांगितलंच. सायकलीचंही तसंच. सायकल गुळगुळीत चालते हो, दम लागत नाही, मग डोकं रिकामं राहतं आणि रिकाम्या डोक्यात जे यायचं तेच येतं. विश्रांतीच्या दिवसाचं तर विचारूच नका. खुर्चीत बसला की चुळबुळ. पळण्याचं मात्र वेगळं. पळताना छाती फुटायला होते, पोटऱ्या ओरडतात, आणि त्या गोंगाटात दुसरं काही ऐकू येत नाही. शिवाय दुखतं. खरं सांगायचं तर मिस्त्रीला ते दुखायलाच हवं होतं. सायकल, पोहणं, शुक्रवारची सुट्टी, ही सगळी शरीरावर दया करायची तऱ्हा. आणि दया घ्यायला तो तयार नव्हता.

मग तो रोज पळायला लागला. सातही दिवस. गुरुवारी पंचा आणि चड्डी पिशवीत घालून निघायचा, नदीकाठच्या रस्त्यानं पळायचा आणि येताना सार्वजनिक नळावर दोन्ही ओले करून आणायचा. कार्ड? ते तो सोमवारी सकाळी आंघोळ झाल्यावर एकदमच भरायचा. येणारा सगळा आठवडा, पुढच्या रविवारपर्यंत. सात दिवस सात वेळा खोटं लिहिताना हात अडतो, एकदाच लिहून टाकलं की अडत नाही. जुनी रीत होती, हाताला आठवत होती. कार्ड पुन्हा लख्ख.

सोमवारी हरण्या ते वहीत उतरवायचा आणि खूश व्हायचा. "वा! पोहणं चाळीस, पन्नास, पन्नास. अरे तू मासा व्हायला लागलास की!" आणि वहीत निळ्या रेघा वाढवायचा. चार वर्षांत त्याचा असा चेहरा कुणी पाहिला नव्हता. मिस्त्रीला तो चेहरा बघवत नव्हता आणि त्याच्याशिवाय सोमवार उजाडतही नव्हता.

बायकोला फसवणं इतकं सोपं नव्हतं. पाचव्या की सहाव्या आठवड्यात तिनं तो ओला पंचा हुंगला.

"अहो, तलावाच्या पाण्याला औषधाचा वास येतो. हा नळाचा आहे."

"धुऊन आणला."

"धुऊन आणला! बावीस वर्षांत जेवलेलं ताट उचललं नाही, आणि पंचा धुऊन आणला? खरं सांगा, कोण आहे ती?"

"कोण ती?"

"गुरुवारची."

मिस्त्रीला हसावं की रडावं कळेना. "अगं, या पोटाकडं बघून कोण येणार आहे गुरुवारी?"

"तेच म्हणते मी, पोट कुठं राहिलंय आता," ती म्हणाली आणि तिचा आवाज एकदम उतरला. "गाल बसलेत तुमचे. झोपेत पाय झाडता. आणि तो गुडघा. मला दिसत नाही असं वाटतं का?"

उजवा गुडघा. बाराव्या आठवड्यापासून आतल्या बाजूनं सुजायला लागला होता. जिना उतरताना कळ यायची ती कमरेपर्यंत. मिस्त्री कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडं गेला. औषधवाला म्हातारा, तोंडानं फटकळ. गोळ्यांचं पाकीट पुढं करत म्हणाला, "यानं दुखणं बरं होत नाही बरं का. दुखण्याची बातमी तेवढी बंद होते. आत जे बिघडतंय ते बिघडतच राहतं."

दार उघडं असताना लिफ्टला दार बंद असल्याचं सांगणारी वायर, तीच ही गोळी. मिस्त्रीला हे औषधवाल्यापेक्षा जास्त कळत होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यानं त्याला मशीनरूममधून हाकलून दिलं असतं. पण त्यानं पाकीट घेतलं आणि उजव्या खिशात टाकलं.

शर्यत तीन आठवड्यांवर आली. त्या रविवारी बत्तीस किलोमीटर पळायचे होते, तयारीतलं सगळ्यात लांब अंतर. ते जमलं की शर्यत जमली, असं हरण्याचं म्हणणं. त्याआधीच्या सोमवारीच मिस्त्रीनं कार्ड भरलं. रविवारच्या रकान्यात लिहिलं, 'बत्तीस पूर्ण, गुडघा ठीक.' सही केली. त्या वेळी गुडघा इतका ठीक होता, की खुर्चीवरून उठायला त्याला टेबल धरावं लागलं.

बायको दारात उभी राहून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही शर्यतीला चाललाय की शिक्षा भोगायला? आणि शिक्षाच असेल तर कशाची, ते मला एकदा सांगा तरी."

"काहीतरीच काय बोलतेस."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. तिचं ते 'बरं' त्याला दिवसभर पुरलं.

आता गुरुवारची गंमत ऐका, म्हणजे गंमत कसली. हरण्याच्या मनात आलं, मिस्त्रीला पोहायचा चांगला चष्मा भेट द्यावा. दुकानातून घेतला, डबीत घातला, आणि कामावरून अर्धी रजा टाकून स्वारी तलावावर हजर. जोडीदार पाण्यात सूर मारतोय, हे डोळ्यांनी बघावं म्हणून. तलावाला कुलूप. जाळीतून डोकावला तर आत पाण्याचा थेंब नाही. तळाशी दोन गवंडी बसून फरश्या चिकटवत होते. "सोमवारपासून बंद आहे," त्यांनी खालूनच सांगितलं. शिट्टीवाली पोरगी वह्या आवरायला आली होती. हरण्यानं तिला मिस्त्रीचं वर्णन सांगितलं. ती म्हणाली, "ते काका? एकदाच आले होते. दहा मिनिटं. छान तरंगत होते, एकदम घाबरून पळाले. चार महिने झाले."

शुक्रवारी सकाळी हरण्या मिस्त्रीच्या घरी गेला. मिस्त्री कामावर निघून गेला होता. बायकोनं काही न विचारता खिळ्यावरचं कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. "भावजी, तुम्हीच बघा. माझ्याशी तर बोलत नाहीत." हरण्यानं कार्ड पाहिलं. आज शुक्रवार, आणि रविवारची सही झालेली. बत्तीस पूर्ण, गुडघा ठीक. त्यानं कार्ड दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं. कुठं डाग नाही, बोट नाही. मग म्हणाला, "वहिनी, आज तो कुठल्या इमारतीवर आहे?"

इमारत आठ मजल्यांची. मिस्त्री वर मशीनरूममध्ये एकटाच, खाली दाराशी जोडीदार नाही म्हणून काम हळू चाललेलं. खिडकीच्या तावदानातून ऊन मोटारीवर पडलं होतं. लिफ्ट अर्थातच बंद. मिस्त्रीच्या कानावर जिन्यावरून पावलं आली. एक जड, एक हलकं. एक जड, एक हलकं. मधे थांबणं, मग पुन्हा. त्याच्या हातातला पाना तसाच राहिला. चार वर्षांत हरण्या कुठल्याच इमारतीचा जिना चढलेला नव्हता. तिसऱ्या मजल्यावर पावलं जरा जास्त वेळ थांबली. मिस्त्रीला वाटलं, धावत खाली जावं, त्याला खांदा द्यावा. पाय उचलेना. नुसता गुडघा नव्हे, दोन्ही पाय.

हरण्या दारात आला तेव्हा शर्ट घामानं चिंब होता. चौकटीला धरून त्यानं श्वास घेतला आणि हसला.

"पूर्वी तीन मिनिटं लागायची रे. आज बावीस."

"तू कशाला चढलास? फोन करायचा होतास."

"फोनवर दिवसभर बोलतोच की. बस, मला बसू दे." तो उलट्या घातलेल्या बादलीवर बसला. खिशातून चष्म्याची डबी काढली आणि मोटारीच्या कठड्यावर ठेवली. "तुझ्यासाठी आणला होता. तलाव कोरडा होता."

"गुडघा दाखव."

"ठीक आहे गुडघा."

"कार्डावर ठीक आहे. मी गुडघा दाखव म्हणतोय."

मिस्त्रीनं पँट वर केली. हरण्यानं नुसतं पाहिलं, हात लावला नाही. "शहाणा आहेस. रोज पळत होतास ना? सातही दिवस?"

"हो."

"आणि माझ्या वहीतल्या निळ्या रेघा?"

"खोट्या."

"बरं झालं, निळं पेन संपत आलं होतं," हरण्या म्हणाला. पण हसला नाही. त्यानं घरून आणलेलं कार्ड काढलं आणि मांडीवर ठेवलं. मग हात लांब करून भिंतीच्या खिळ्यावरचं इमारतीचं कार्ड काढलं आणि त्याच्या शेजारी ठेवलं. एक लख्ख पांढरं. दुसऱ्यावर मिस्त्रीचे काळे अंगठे, महिन्यामागून महिने.

"चार वर्षं ही काळी कार्डं माझ्याच टेबलावर येतात," तो सावकाश म्हणाला. "साहेब तुला शिव्या देतो तेव्हा मी हसायचो. म्हणायचो, माझा पाय गेला आणि याची टापटीप गेली. दोन्ही एकाच दिवशी कशी काय गेली, हा विचार कधी केला नाही मी. आज तुझ्या स्वयंपाकघरात उभा राहून केला."

खाली कुठंतरी कुणीतरी लिफ्टचं बटण दाबत होतं. बंद लिफ्टचा दिवा लागत नव्हता, तरी माणूस दाबतच होता. दोघांनाही ते ऐकू येत होतं.

"त्या दिवशीचं कार्ड चौकशीत माझ्या हातात दिलं होतं त्यांनी," हरण्या म्हणाला. "खाटेवर. मला अजून आठवतं, त्यावर एक डाग नव्हता. दहा चाळीस, वायर काढली, सही. तू मोटारीचं सगळं ग्रीस बदललं होतंस त्या दिवशी. हात कोपरापर्यंत काळे होते तुझे. पट्टा आवळलास तेव्हा माझ्या पँटीवर पाचही बोटं उमटली होती. मग कार्ड पांढरं कसं?"

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढलं, तेही चष्म्याच्या डबीशेजारी ठेवलं.

"पोहायला का गेला नाहीस ते मला नको सांगूस," हरण्या म्हणाला. "पळायचं की नाही तेही नंतर बघू. मला एवढंच सांग, त्या दिवशी तू सही केव्हा केलीस?"

मिस्त्री त्याच्या समोर खाली फरशीवर बसला. सुजलेला गुडघा दुमडेना, म्हणून तो पाय तसाच लांब सोडून बसला. त्यानं जे उत्तर दिलं, ते असं:

"वर आल्या आल्या. हात स्वच्छ होते तेव्हा. वायर माझी होती, हरण्या. तू टॉर्च घ्यायला वर आलास तेव्हा ती लागलेलीच होती, तू कशाला हात लावला नाहीस. मी चहा प्यायला खाली गेलो आणि ती काढायची राहिली. तुला बांधायला खिशात हात घातला तेव्हाच मला कळलं होतं. चार वर्षं तू प्रत्येक नव्या माणसासमोर स्वतःला बोल लावलास, आणि मी बाकावर बसून ऐकलं."